शिक्षकपदाच्या मुलाखतीची पूर्वतयारी

(प्राथमिक शिक्षण पदविकेचे छात्राध्यापक, शिक्षक आणि पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकपदाची जाहिरात प्रसिद्ध झाली म्हणजे गावोगावच्या कितीतरी घरांत धांदल सुरू होते. प्रमाणपत्रांच्या प्रती काढल्या जातात, जुनी पुस्तके माळ्यावरून खाली येतात, आणि ‘मुलाखतीत काय विचारतात?’ हा प्रश्न जो तो दुसऱ्यास विचारू लागतो. ज्याची मुलाखत नुकतीच झाली आहे त्याच्या घरी इतर उमेदवारांची रीघ लागते. त्याने सांगितलेले प्रश्न वहीत उतरून घेतले जातात, त्यांची उत्तरे घोकली जातात, आणि पुढल्या मुलाखतीत त्यांतील एकही प्रश्न न आल्यामुळे मंडळी निराश होऊन परततात.

सत्तरी तालुक्यातील एखाद्या दूरच्या वाड्यावरून आलेली एक उमेदवार आपण क्षणभर डोळ्यांसमोर आणू. पदविका परीक्षेत तिला चांगले गुण आहेत. यापूर्वी दोन ठिकाणी तिची मुलाखत झाली. दोन्ही ठिकाणी तिने शिक्षणाच्या व्याख्या अचूक सांगितल्या आणि दोन्ही ठिकाणी तिची निवड झाली नाही. वडिलांची थोडी बागायत आहे, धाकट्या भावाचे शिक्षण व्हावयाचे आहे. आता तिसऱ्या मुलाखतीचे पत्र हाती आले आहे. अशा उमेदवाराने पुढील पंधरा दिवस कसे घालवावेत, हाच आजच्या विवेचनाचा विषय होय.

त्याचे उत्तर थोडक्यात सांगावयाचे तर असे : मुलाखतीची तयारी आणि शिकवण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याने उद्या सकाळी वर्गात उभे राहण्याची सिद्धता केली आहे, त्याची मुलाखतीची तयारी बहुतांशी झालेलीच असते.

मुलाखतीचे आजचे स्थान

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. सर्वच शिक्षकपदांसाठी मुलाखत होते असे नाही. १५ ऑगस्ट २०१५ रोजी लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी कनिष्ठ पदांसाठी मुलाखतीची आवश्यकता काय, असा प्रश्न उपस्थित केला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणींतील पदांच्या मुलाखती बंद झाल्या. लेखी परीक्षेवरच निवड करण्याची पद्धत त्यानंतर अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. म्हणून जाहिरातीत निवडीची जी पद्धत दिलेली असेल, ती उमेदवाराने शब्दशः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

दुसऱ्या बाजूने, जुलै २०२० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकाच्या निवडीत मुलाखत अथवा प्रत्यक्ष वर्गातील पाठ हा अविभाज्य भाग असावा, असे स्पष्टपणे म्हटले आहे. उमेदवाराला शिकवण्याची मनापासून ओढ आहे की नाही आणि स्थानिक भाषेतून तो सहजपणे शिकवू शकतो की नाही, हे त्यातून पाहावे असा त्या शिफारशीचा हेतू आहे. गोव्यात खाजगी व्यवस्थापनाच्या शाळांचे नियमन १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६ ची नियमावली यांच्या आधारे होते. अशा शाळांत निवड समितीपुढे बसण्याचा प्रसंग उमेदवारावर येतोच. यास्तव मुलाखतीचे महत्त्व संपले, असे समजणे योग्य ठरणार नाही.

या बाबीकडे थोडे मागे वळूनही पाहावे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ साली ती सक्ती सर्व संस्थानास लागू केली. गोमंतकात १९६१ च्या मुक्तीनंतर खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदेशीर हक्क प्राप्त झाला. कायदा झाला, इमारत उभी राहिली, तरी अखेरीस मुलापुढे उभा राहतो तो शिक्षक. तो कसा निवडला जातो याला म्हणूनच एवढे महत्त्व आहे.

पात्रता आणि कागदपत्रे

पुष्कळ उमेदवार मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचून केवळ एखाद्या दाखल्यावाचून माघारी जातात. ही हानी पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने प्राथमिक वर्गांसाठी किमान पात्रता निश्चित केली असून, तीत प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा यांचा समावेश आहे. पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांपुरतेच ग्राह्य असे. २०२१ मध्ये ती मर्यादा काढून ते आजीवन ग्राह्य करण्यात आले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार केवळ बी.एड. पदवी ही पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्रता मानली जात नाही. ज्यांच्यापाशी पदवी आहे पण पदविका नाही, त्यांनी प्राथमिक शिक्षकपदासाठी अर्ज करण्यापूर्वी हा मुद्दा ध्यानी घ्यावा.

गोव्यातील उमेदवाराने शैक्षणिक प्रमाणपत्रांबरोबरच पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचे नोंदणीपत्र आणि लागू असल्यास जातीचा दाखला हे कागद वेळेपूर्वी मिळवून ठेवावेत. दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत करावा लागणारा अर्ज मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. मूळ प्रती एका पाकिटात, छायाप्रती दुसऱ्या पाकिटात आणि वर कागदांची यादी, एवढी व्यवस्था केली तरी उमेदवाराचे मन अर्धे स्वस्थ होते. नावाच्या अथवा आडनावाच्या लेखनात दोन प्रमाणपत्रांत तफावत असल्यास त्याचा आवश्यक तो पुरावा आधीच जवळ ठेवावा.

शाळा आणि गाव यांची ओळख

ज्या शाळेत पद रिक्त आहे ते गाव शक्य असल्यास मुलाखतीपूर्वी एकदा पाहून यावे. बस कोणत्या वेळी जाते, पावसाळ्यात ओहोळाला पाणी आले म्हणजे मुले कोणत्या वाटेने शाळेत येतात, घरांतील माणसे शेतीबागायतीत आहेत की कारखान्यात, मुलांच्या घरी कोणती भाषा बोलली जाते, या गोष्टी गावातल्या दुकानात किंवा देवळाच्या पारावर अर्धा तास बसले तरी कळतात. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाल्यास शाळाही पाहावी. मात्र अशा भेटीत निवड समितीच्या सदस्यांना गाठण्याचा प्रयत्न करू नये. त्या भेटीचा हेतू ओळख वाढवणे हा नसून ओळख करून घेणे हा आहे.

‘आमच्याच शाळेत का यावेसे वाटते?’ हा प्रश्न बहुतेक समित्या विचारतात. त्यावर ‘शिक्षण हे पवित्र कार्य आहे’ असे उत्तर देणारे अनेक असतात. परंतु ‘शाळेत येणाऱ्या मुलांपैकी काही गवळी-धनगर वस्तीवरून तासभर चालून येतात असे कळले; ती दमून आलेली असताना पहिला तास गणिताचा ठेवावा की गोष्टीचा, याचा विचार केला आहे,’ असे सांगणारा उमेदवार विरळा. समितीच्या स्मरणात कोण राहील हे सांगण्याची गरज नाही.

नमुना पाठ

मुलाखतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे नमुना पाठ. यासाठी साधारणपणे दहा-पंधरा मिनिटे मिळतात. कधी समोर मुले असतात, कधी समितीचे सदस्यच मुलांच्या जागी असतात. बहुसंख्य उमेदवार फळ्याकडे तोंड करून व्याख्यान देतात, आणि वेळ संपली तरी कोणाला काय समजले हे त्यांना ठाऊक नसते.

दुसरीच्या वर्गातील हातच्याची बेरीज हे उदाहरण घेऊ. २७ आणि १५ यांची बेरीज करावयाची आहे. एका मुलाने पाटीवर उत्तर लिहिले : ३१२. समितीतील सदस्य विचारतात, ‘आता काय कराल?’ पहिला उमेदवार म्हणतो, ‘उत्तर चूक आहे हे सांगून रीत पुन्हा समजावून देईन.’ या उत्तरात अपराध काही नाही. परंतु त्यात मूलही नाही.

दुसरा उमेदवार आधी मुलालाच विचारतो, ‘बाळा, हे कसे केलेस ते सांग पाहू.’ मूल सांगते की दोन आणि एक तीन झाले, सात आणि पाच बारा झाले, म्हणून तीन लिहून पुढे बारा लिहिले. येथे उमेदवाराच्या लक्षात येते की मुलाला बेरीज येते, त्याची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. त्याला उमगलेली नाही ती दशकाची कल्पना. मग तो नारळाच्या हिरांचे तुकडे पुढे ठेवतो. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या जातात. दोन जुड्या आणि सात सुट्या, एक जुडी आणि पाच सुट्या. सुट्या काड्या एकत्र केल्या की बारा होतात. त्यांतील दहांची आणखी एक जुडी मूल स्वतःच्या हाताने बांधते. आता चार जुड्या आणि दोन सुट्या. बेचाळीस. यानंतरच फळ्यावरचा हातचा येतो, आणि तो कोठून आला हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. काड्यांच्या जुड्या आणि दोऱ्याचे रीळ यांना पैसा लागत नाही. परंतु ते पिशवीत घालून नेण्याचे ज्याला सुचले, त्याची तयारी समितीला बोलण्यापूर्वीच दिसते.

नमुना पाठाचे टाचण एका पानापेक्षा मोठे असू नये. पाठ संपल्यावर मुलाला काय करता आले पाहिजे, ते एका वाक्यात वर लिहावे. साहित्य कोणते, पहिला प्रश्न कोणता आणि मुलांना समजले की नाही हे शेवटी कसे तपासणार, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. अक्षर स्वच्छ असावे आणि फळ्यावरील ओळ सरळ असावी. हे किरकोळ वाटते. परंतु पहिलीचे मूल फळ्यावरील अक्षराचे अनुकरण करीत असते.

वर सांगितलेल्या उमेदवाराने आपले पंधरा दिवस येथे खर्च करावेत. जवळच्या शाळेतील अनुभवी शिक्षिकेची परवानगी घेऊन तिने रोज एक तास वर्गात मागे बसावे. जमल्यास दोन-तीन पाठ स्वतः घ्यावेत आणि नंतर ‘बाई, माझे कोठे चुकले?’ असे विचारावे. आंतरवासितेच्या काळात घेतलेल्या सरावपाठांची वही पुन्हा वाचावी आणि जे पाठ फसले ते का फसले हे लिहून काढावे. यशस्वी पाठांपेक्षा या फसलेल्या पाठांतूनच मुलाखतीस लागणारी खरी सामग्री मिळते.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

गोव्यातील मराठी शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांची घरची बोली कोकणी असते. औद्योगिक वसाहतींजवळच्या शाळांत कन्नड अथवा हिंदी बोलणारी मुलेही असतात. पहिलीतले मूल ‘हांव उदक पितां’ असे म्हणाले, तर शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न मुलाखतीत विचारला जाण्याजोगा आहे. ‘असे बोलू नको, नीट बोल’ असे म्हणणे सोपे आहे; परंतु त्या क्षणी मुलाच्या आईची भाषाच चुकीची ठरते, आणि पुढले काही दिवस ते मूल तोंड उघडीत नाही. त्याचे बोलणे समजून घेऊन, ‘हो, तू पाणी पितोस ना? जा, पाणी पिऊन ये,’ असे उत्तर दिले की उदक आणि पाणी हे दोन्ही शब्द मुलाचे होतात. बोली मागे न ठेवता तिच्या खांद्यावरून प्रमाण भाषेकडे नेणे, हीच खरी रीत होय. मुलांची भाषा जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम असावी, असा २०२० च्या धोरणाचाही आग्रह आहे.

गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार कोकणी ही राजभाषा असून शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही त्या कायद्याने स्थान दिले आहे. सरकारी पदांच्या जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट, अशी अट आढळते. म्हणून मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराने कोकणीतून संभाषणाचाही सराव ठेवावा. पालकसभेत आईबापांशी याच भाषेत बोलावयाचे असते.

एक शिक्षक, अनेक वर्ग

खेड्यातील प्राथमिक शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन किंवा त्याहून अधिक वर्ग असणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. तेव्हा ‘पहिलीत पाच, दुसरीत चार, तिसरीत सहा आणि चौथीत तीन अशी अठरा मुले एकत्र आहेत, सकाळचा पहिला तास कसा घ्याल?’ असा प्रश्न आला तर गोंधळून जाऊ नये. प्रारंभीची वीस मिनिटे सर्वांची मिळून एक गोष्ट अथवा गाणे घेता येते. नंतर पहिलीची पाच मुले शिक्षकाजवळ अक्षरपट्ट्या घेऊन बसतील. दुसरीची मुले गोष्टीतील एका प्रसंगाचे चित्र काढून त्याखाली दोन वाक्ये लिहितील. तिसरी-चौथीची मुले जोडीजोडीने वाचन करतील. पुढल्या तासाला शिक्षक तिसरी-चौथीकडे वळेल. चौथीच्या मुलीने लहानांना मदत करण्यास हरकत नाही. परंतु रोज तिलाच शिक्षिका केल्यास तिच्या अभ्यासाचे नुकसान होते, हेही उमेदवाराने आपणहून सांगावे.

वाचनाविषयी एक बाब मुद्दाम लक्षात ठेवावी. काही मुले पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा ‘वाचतात’. प्रत्यक्षात तो त्यांना पाठ असतो. धड्याच्या मध्यावरील एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असे विचारले की खरे काय ते कळते. पायाभूत वाचन आणि गणित तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास यावे, या उद्दिष्टाने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. त्या अभियानाचे नाव सांगणारे अनेक भेटतील. परंतु न वाचता येणारे मूल कसे ओळखावे, हे सांगणारा उमेदवार शाळेला अधिक उपयोगी.

कायदा आणि कर्तव्ये

शिक्षण हक्क कायद्याची कलमे पाठ असणे आवश्यक नाही. परंतु वर्गात रोज ज्यांची गरज पडते अशा तरतुदी माहीत असाव्यात. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस सतराव्या कलमाने मनाई आहे. शिक्षकाला खाजगी शिकवण्या घेता येत नाहीत. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला लावता येत नाही. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरावी, आणि शिक्षकाने पूर्वतयारीसह आठवड्याला ४५ तास काम करावे, असे त्या कायद्याच्या परिशिष्टात सांगितले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, ही तरतूद ग्रामस्थांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या विषयावर प्रश्न येतो तो बहुधा प्रसंगाच्या रूपाने. ‘पालक स्वतःच येऊन म्हणाले की, याला दोन फटके लावा, आमची हरकत नाही, तर?’ यावर ‘कायद्याने मनाई आहे’ एवढे उत्तर अपुरे आहे. मूल कोणत्या वेळी त्रास देते, त्याला काम पुरते का, घरी काही अडचण आहे का, दूरवरून फळा दिसतो का, हे पाहण्याची तयारी उत्तरात दिसली पाहिजे.

समितीपुढील वर्तन

पोशाख स्वच्छ आणि शाळेत रोज घालता येईल असा साधा असावा. वेळेपूर्वी अर्धा तास पोहोचावे. आत गेल्यावर नमस्कार करून सांगितल्यावर बसावे. प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा. समजला नसल्यास ‘कृपया प्रश्न पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर मोजके असावे आणि ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे पाहून द्यावे.

जे ठाऊक नाही ते ‘मला ठाऊक नाही’ असे सरळ सांगावे, आणि ते कोठून शिकता येईल हे सांगता आल्यास सांगावे. मुले शिक्षकाला असे कितीतरी प्रश्न विचारतात की ज्यांचे उत्तर तत्काळ देता येत नाही. तेथे थाप मारणारा शिक्षक मुलांचा विश्वास गमावतो. समिती एखादा अवघड प्रश्न विचारते तो पुष्कळदा उत्तरासाठी नसून, उमेदवार अशा वेळी कसा वागतो हे पाहण्यासाठी असतो.

वशिला आणि पैसा

आता एका अप्रिय परंतु आवश्यक मुद्द्याकडे वळावे लागते. वर उल्लेखिलेल्या मुलीच्या घरी मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात एखादा गृहस्थ येतो. आपली वर ओळख आहे, अमुक रक्कम दिली तर काम झालेच म्हणून समजा, असे तो सांगतो. वडील बागायत गहाण ठेवण्याचा विचार करू लागतात. आई हातांतल्या बांगड्यांकडे पाहते. मुलीचे कल्याण व्हावे ही त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. पण अशा वेळी घरातील कोणीतरी ठामपणे ‘नाही’ म्हटले पाहिजे, आणि बहुधा ते त्या मुलीनेच म्हणावे लागते.

यात दोन धोके आहेत. एक म्हणजे तो गृहस्थ पुष्कळदा शुद्ध ठक असतो; निवड झाली तर श्रेय घेतो, न झाली तर नाहीसा होतो. दुसरे म्हणजे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच घेणाऱ्याप्रमाणे लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. लाच देण्यास कोणी भाग पाडले असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना अथवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. याहूनही मोठी गोष्ट अशी की, कर्ज काढून नोकरी विकत घेतलेला शिक्षक वर्गात उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यात मुलांऐवजी व्याज असते.

निवड समितीसाठी दोन शब्द

तयारीची जबाबदारी एकट्या उमेदवाराची नव्हे. समितीनेही सर्व उमेदवारांना मुख्य प्रश्न समान विचारावेत, गुणदानाचे निकष आधी ठरवून ते लिहून ठेवावेत आणि नमुना पाठास पुरेसा वेळ द्यावा. स्त्री उमेदवारास लग्न कधी करणार, मूल केव्हा होणार, असले प्रश्न विचारू नयेत. तिच्या शिकवण्याशी त्यांचा संबंध नाही. दुरून आलेला उमेदवार सकाळपासून ताटकळत बसला असेल तर त्याला पाणी विचारावे. घाबरलेल्या उमेदवारास पहिला प्रश्न सोपा विचारल्याने समितीचे काही बिघडत नाही. उलट त्याचे खरे गुण त्यामुळेच दिसून येतात.

समारोप

एवढे सर्व करूनही निवड होईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जागा एक आणि उमेदवार अनेक, ही परिस्थिती खोटी नाही. निवड झाली नाही तर घरी गेल्यावर त्याच दिवशी विचारलेले प्रश्न, दिलेली उत्तरे आणि सुचायला हवे होते ते, अशा तीन रकान्यांत लिहून काढावे. मधल्या काळात वाड्यावरील चार मुलांना संध्याकाळी एकत्र बसवून त्यांच्याकडून गोष्टी वाचून घ्याव्यात. त्यासाठी नियुक्तिपत्राची गरज नसते, आणि पुढल्या मुलाखतीत सांगण्यासारखे त्यातूनच बरेच काही मिळते.

सत्तरीतील त्या मुलीने व्याख्यांची वही घरी ठेवून काड्यांच्या जुड्या पिशवीत घातल्या असतील, एखाद्या वर्गात पंधरा दिवस मागे बसून मुले कोठे अडतात हे पाहिले असेल, आणि दारी आलेल्या गृहस्थास हात जोडून परत पाठवले असेल, तर समितीपुढे जाताना तिला भिण्याचे कारण उरत नाही. ही जागा मिळो वा न मिळो, ती शिक्षिका झालेली असते. ज्या गावाच्या वाट्याला ती येईल त्या गावातील मुलांचे भाग्य चांगले, असेच म्हणावे लागेल.

 उमेदवारांना त्यांच्या प्रयत्नांत यश लाभो.